हिवाळ्याला राहणाऱ्यांची यादी

मंगळवार, ५ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ. हजर: संपादकबाई, पानं लावणारा, मी आणि संपादकबाईंचा म्हातारा कुत्रा (मताचा अधिकार नाही). गैरहजर: बातमीदार, शाळेच्या हॉकी सामन्याला. विषय: गुरुवारच्या अंकातली हिवाळी यादी. एक घर वादात.

माझ्या वहीत त्या दिवसाची सुरुवात अशी आहे. वह्या मी सगळ्याच गोष्टींच्या ठेवते. घरी ग्रोसरीची, विंटर टायर कधी चढवले-उतरवले त्याची, मुलीच्या लसींची, ऑफिसात अंकाची. नवरा म्हणतो, हिला स्वर्गात पाठवलं तर ही दारातच हजेरीपट मागेल. मागेन. कोण आत आहे आणि कोण बाहेर राहिलं, हे कुणीतरी विचारायला नको?

आमचं गाव टोरांटोच्या उत्तरेला, तळ्याकाठी. सात वर्षांपूर्वी आम्ही रिचमंड हिलचं भाड्याचं बेसमेंट सोडून इथे आलो, कारण नवऱ्याचं काम लॅपटॉपवर चालतं आणि इथे अंगणासकट घर मिळत होतं. घर पाहिलं जुलैत. तेव्हा धक्क्यावर आइस्क्रीमच्या रांगा, रस्त्यात गाडी लावायला जागा नाही. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगचा सोमवार उलटला आणि मंगळवारी मी दूध आणायला बाहेर पडले, तर माणूस दिसेना. आमच्या रस्त्यावरच्या चौदा घरांपैकी तीन घरांत दिवा होता, आणि त्यातलं एक घर आमचंच.

हे गाव वसलंच मुळी उन्हाळ्यासाठी. एकोणिसाव्या शतकात शहरातले डॉक्टर पैसेवाल्यांना इथे हवापालटाला पाठवायचे. आगगाडीनं यायचं, मग वाफेच्या बोटीनं, आणि धक्क्यावर उतरलं की समोर चार मजली लाकडी हॉटेलं, चारी बाजूंनी व्हरांडे. आमचं साप्ताहिक निघालं ते त्या बोटीमुळे. कोण उतरलं, कुठल्या हॉटेलात, किती दिवसांसाठी, एवढ्यावर पहिलं पान भरायचं. मी नोकरीला लागले तेव्हा त्या जुन्या अंकांची सूची करणं हे माझं पहिलं काम होतं. प्रत्येक आठवड्यात ओळी अशा: अमुक श्रीयुत, पत्नी, तीन कन्या आणि मोलकरीण. श्रीयुतांचं आडनाव, हुद्दा, गाव, सगळं असायचं. मोलकरणीचं कधीच काही नाही.

"हिला कुठल्या अक्षराखाली घालू?" मी संपादकबाईंना विचारलं.

"घालू नकोस. नाव नाही त्याची सूची होत नाही."

मी तिच्यासाठी वेगळं कार्ड केलं. 'आणि मोलकरीण', पुढे तारीख, पुढे हॉटेल. एका कार्डाची दोन झाली, मग ती वेगळ्या खोक्यात गेली. आता तो खोका माझ्या टेबलाखाली असतो आणि त्यावर मी पाय ठेवत नाही.

बोटी गेल्या, उन्हाळी यादीही गेली. हिवाळी यादी मात्र अजून निघते, दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी. हॉटेलं बंद झाली की पूर्वी इथे फक्त कामाची माणसं उरायची: बॉयलर सांभाळणारे, तळ्यातला बर्फ कापणारे, धोबिणी. एखाद्या घरात कुणी आजारी पडून गेलं तर चार-चार दिवस पत्ता लागायचा नाही. म्हणून साप्ताहिकानं चिठ्ठीची पद्धत काढली. चिठ्ठीवर दोन ओळी. पहिल्या ओळीत, कोण राहणार. दुसऱ्या ओळीत, रोज सकाळी त्याच्या धुराड्याकडे किंवा खिडकीकडे कोण बघणार. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. ते दुसऱ्यानं द्यायचं, आणि जो देतो त्यानं एप्रिलपर्यंत बघायचं. तो दुसरा हाकेच्या अंतरावरचा हवा. पहिल्या यादीच्या डोक्यावर हे सगळं छापलेलं आहे.

ही नुसती जुनी हौस नाही. यादी आली की आगीच्या बंबावरचे स्वयंसेवक ती कापून ठाण्याच्या भिंतीवर लावतात. नगरपालिका त्यावरून प्लाउचा मार्ग आखते, म्हणजे बर्फ लोटणारा ट्रक कुठे जाणार ते ठरवते. ज्या गल्लीत यादीतलं एकही नाव नाही, त्या गल्लीत प्लाउ वळत नाही.

आता माझी चूक. मागच्या वर्षी ऑक्टोबरात एक बाई काउंटरवर आली. मी सवयीनं हिंदीत विचारलं, काय हवंय.

"फोनवर तं आत्ता मराठी बोलून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मले काहून हिंदी?"

ती अकोल्याची. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान. घर-संसाराचं सगळं आटोपून, म्हणजे नक्की काय ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, चाळिशीत कॉलेजच्या कोर्सला इथे आलेली. कोर्स संपल्यावर गावातल्या मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली. तिथल्या नोकरांच्या जुन्या घरात ती आणि आणखी चौघं राहत होती. हिवाळ्यात हॉटेल बंद, पण ही पाच जणं तिथेच, कारण बॉयलर चालू ठेवायचा, नळ गोठू द्यायचे नाहीत. तिनं ऐकलं होतं की नाव छापलं तर प्लाउ येतो. म्हणून ती नाव द्यायला आली होती.

"स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही," मी सांगितलं. "शेजाऱ्याला पाठव."

"शेजारी गेले नं सारे. कॉटेजवाले."

"मग मला नियमात बसवता येणार नाही."

मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे, कारण तसंच म्हणाले होते. ती बरं म्हणाली आणि गेली. जानेवारीत ग्रोसरी घेऊन येताना ती त्या न लोटलेल्या गल्लीत पडली. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत येईना. घरातल्या दोघांनी तिला मुलांच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर निजवून ओढत बाहेर आणलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. नियम मी पाळला होता आणि हात तिचा गेला होता.

महिन्याभरानं ती पुन्हा काउंटरवर आली. प्लास्टरचा हात माझ्यासमोर ठेवला.

"सही करा ताई. नाव तं छापलं नाही, सही तरी करा."

मी सही केली. आजवर मी खूप कागदांवर सह्या केल्यात, इतकी वाईट सही कधी केली नाही.

या ऑक्टोबरात यादीसाठी मी तिला स्वतः बोलावलं. ती आली तीच हातात एक पाकीट घेऊन. परमनंट रेसिडेन्सीला, म्हणजे इथे कायमचं राहायला, अप्लाय करताना हॉटेलमालकाचं पत्र लागतं, ते त्यानं सही करून दिलेलं.

"नाव छापलं तर तो चिडेल," मी म्हटलं. "पत्र मागे घेईल."

"पत्र अर्जासंग कवाच पाठवलं, ही झेरॉक्स हाये. मी काय येडी हाय का आधी तुमच्याकडं याले?"

"आणि घराबाहेर काढलं तर?"

"काढू दे नं. मंग त्याच्या बॉयलरजवळ कोण बसते? उणे पंचवीसमधी एक रात्र हीट बंद झाली तं सारे पाइप फुटतीन. ते त्याले मालूम हाये." तिनं हात पुढे केला. मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. "मले याच्यावर पुन्हा पडायचं नाही, ताई. बाकी काही नाही."

हे एवढंच होतं. बर्फात न पडता दारापर्यंत जायला मिळावं, आणि पडलोच तर गाडी आत यावी. यासाठी मी तिला वर्षभर थांबवलं होतं.

बातमी मालकापर्यंत पोचली. कशी, ते छोट्या गावात कुणी विचारत नाही. सोमवारी तो ऑफिसात आला. गोड बोलणारा माणूस, कुत्र्यालाही नमस्कार करेल असा. माझ्यासमोर संपादकबाईंना म्हणाला, ते घर हंगामी आहे, हिवाळ्यात तिथे कुणी राहत नाही.

"मग बॉयलर कोण बघतं?" मी विचारलं.

"माणसं येतात बघायला."

"कुठून येतात?"

"जवळूनच."

"किती जवळून?"

तो माझ्याकडे बघून हसला आणि पुढचं संपादकबाईंशी बोलला. विमा रिकाम्या घराचा आहे. लोक राहतात असं छापून आलं तर तपासणी येईल, आगीसाठी दुसरा जिना मागतील, काय काय मागतील. आणि दर आठवड्याचं मागचं पान त्याच्या हॉटेलच्या जाहिरातीचं असतं, याची तो त्यांना आठवण करून देत नव्हता, असंही म्हणाला.

तर मंगळवार, साडेनऊ. संपादकबाईंचं वय सत्तरीपार. साप्ताहिक त्यांना वडिलांकडून आलेलं. त्या मला 'लिस्ट-लेडी' म्हणतात आणि मी त्यांना 'बॉस'. दोन्हीकडून थट्टा असते, पण त्या दिवशी थट्टा नव्हती.

"मालकाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्या जाहिरातीआधीही हा पेपर निघत होता. माझा प्रश्न तुझाच आहे, मागच्या वर्षीचा. दुसऱ्या ओळीत कोण? त्या घराला शेजारी नाही."

"आपण आहोत."

"आपण ओढ्याच्या पुलावरून एक किलोमीटर लांब."

"नियमात रस्ता नाही, बॉस. नियमात हाक आहे."

मी जुना बांधीव खंड आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. पहिली हिवाळी यादी उघडली. डोक्यावरची ओळ वाचून दाखवली, मग तिच्या खालची. पहिल्या यादीतलं पहिलंच घर हॉटेलच्या नोकरांचं होतं. हेच घर. तिथल्या चार माणसांची नावं अख्खी छापलेली, आणि दुसऱ्या ओळीत, रोज बघणार म्हणून, आमच्या छापखान्याचा फोरमन. ज्या पेपरनं उन्हाळ्यात 'आणि मोलकरीण' छापलं, त्याच पेपरनं हिवाळ्यात तिच्यासारख्या माणसांची नावं छापली होती. उन्हाळ्यात ती कुणाची तरी होती, हिवाळ्यात गावाची.

"तो फोरमन कुठून बघायचा?" पानं लावणाऱ्यानं विचारलं.

मी मागचं दार उघडलं. आमच्या ऑफिसच्या मागे लाकडी पायऱ्या आहेत, पायऱ्यांखाली ओढा, ओढ्यापलीकडे झाडी. पानं गळलेली असली की झाडीतून त्या घराचं हिरवं छप्पर दिसतं. पुलावरून किलोमीटर, सरळ बघितलं तर दोन क्रिकेटची मैदानंही नसतील. मी पायरीवर उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि लहानपणी ठाण्यातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून खाली हाक मारायची तशी मारली.

"ए अकोलाऽऽ! आहेस का?"

कुत्रा उठून बसला. संपादकबाई कोट न घालता माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी दुसरी हाक मारली. वरची खिडकी उघडली.

"हजर, ताईऽऽ!" आणि लगेच, "काहून बोंबलून राहिल्या? फोन नाही का?"

"किती जणं आहात?"

"पाच हजर! एक झोपेल हाये!"

"काय म्हणतेय ती?" संपादकबाईंनी विचारलं. त्यांना मराठी येत नाही.

"म्हणतेय, पाचही जण आहेत. एक झोपलाय."

संपादकबाईंनी छपरापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग आत आल्या, चिठ्ठ्यांच्या खोक्यातून कोरी चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर सरकवली. "दुसऱ्या ओळीत पेपरचं नाव चालणार नाही. पेपर खिडकीतून बघत नाही. माणूस लिही. आणि रविवारी ऑफिस बंद असतं, लिस्ट-लेडी. रविवारी कोण?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी वहीत लिहून घेतला.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. मुलगी पंधरा वर्षांची. रविवारी सकाळी ती आमच्या ऑफिसशेजारच्या रिंकवर लहान मुलांना स्केटिंग शिकवते.

"आई, यू शाउटेड? ॲक्रॉस द क्रीक? लाइक, विथ युअर ॲक्च्युअल व्हॉइस?"

"मग काय ईमेल करू?"

"दॅट्स सो एम्बॅरसिंग." तिनं पोळीचा तुकडा भाजीत बुडवला. "हाउ डिड शी ब्रेक हर रिस्ट अगेन?"

मी पुन्हा सांगितलं. घसरगाडीचंही सांगितलं.

"फाइन. संडेज आय'ल डू इट. बट आय'म नॉट येलिंग अकोला."

बुधवारी सकाळी चिठ्ठी दिली. दुसऱ्या ओळीत दोन नावं, सोमवार ते शनिवार माझं, रविवारी मुलीचं. दुपारी मालकाची ईमेल आली, जाहिरात बंद. संपादकबाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि पानं लावणाऱ्याला सांगितलं, "यादी मागच्या पानावर घे. अख्ख्या पानावर. अक्षर मोठं कर, म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे." पहिल्या यादीत जे घर पहिलं होतं, ते पुन्हा पहिलं लावायचं, हेही त्यांनीच सुचवलं.

पानाचा नमुना हातात आला तेव्हा मी अडले. त्या घराखाली तीन नावं होती आणि पुढे 'आणि दोन'. घरातल्या दोघांना नाव छापायला नको होतं. त्यांची पत्रं अजून हातात यायची होती. पण ते 'आणि' बघून माझ्या डोळ्यांपुढे टेबलाखालचा खोका आला. मी मागच्या दाराशी गेले आणि ओढ्यापलीकडे विचारलं, हे असंच छापू?

"छापा!" ती ओरडली. "त्यायनं स्वतः नाही म्हटलं, ताई! कोणी इचारलंच नाही, असं नाही ते!"

छापलं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्या दोघांची नावं मी पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी हो म्हटलं तर शोधायला नको.

गुरुवारी अंक निघाला. दुपारपर्यंत बंबवाल्यांच्या भिंतीवर यादी लागली होती. काही लोकांनी फोन करून विचारलं, ते घर यादीत कसं. मी त्यांना विचारलं, ते घर यादीतून गेलं कसं? ते मी अजून शोधते आहे. सूचीत तेवढं सापडलेलं नाही. मालकानं तिला बोलावून विचारलं, तुझं नाव कुणी दिलं. ती म्हणाली, शेजारणीनं. तो म्हणाला, तिथे शेजारी नाहीत. ती म्हणाली, उद्या सकाळी नऊ वाजता खिडकी उघडा, ऐकू येते. घरातून काढलं नाही. तिचं म्हणणं खरं ठरलं, बॉयलर सगळ्यांपेक्षा मोठा निघाला.

पहिला जाड बर्फ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडला. सकाळी साडेसहाला प्लाउवाल्याचा फोन थेट माझ्या मोबाइलवर.

"तुमच्या यादीत गल्ली आहे," तो म्हणाला. "आणि गल्लीत साखळी आहे. मी काय करू?"

मी कोट घालून गेले. गल्लीच्या तोंडाशी दोन नव्या लोखंडी खांबांमध्ये साखळी, तिला कुलूप, मधोमध 'खासगी' अशी पाटी. प्लाउनं साखळीपर्यंत बर्फ लोटला होता. पलीकडे, घराच्या दारापासून निघालेली एक अरुंद वाट साखळीच्या दुसऱ्या बाजूला येऊन थांबली होती. ती आणि बाकीची चौघं पहाटेपासून शोव्हल करत होती. डाव्या हातानं फावडं धरून ती उभी होती.

"आतून आम्ही आलो," ती म्हणाली, "बाहेरून तो आला. मधात हे."

मालक फ्लोरिडात. मॅनेजर म्हणतो, किल्ली त्याच्याकडे नाही. बंबवाल्यांच्या कॅप्टननं लेखी कळवलं आहे की राहत्या घराच्या वाटेवर कुलूप चालत नाही. त्यानं साखळी तोडायचा बोल्ट कटरही आणून माझ्या टेबलावर ठेवला आहे. पण नगरपालिकेच्या कागदावर सही झाल्याशिवाय तो वापरायचा नाही, असं त्यानं मला दोनदा बजावलं. माझ्याकडे बघून दोनदा का बजावावं लागलं, ते मला समजतं. सहीसाठी मी रोज साडेनऊला नगरपालिकेत फोन करते. त्याआधी, नऊला, मागच्या पायरीवरची हजेरी असते. गेल्या रविवारी मुलगी स्केट गळ्यात अडकवून उभी राहिली आणि शेवटी काय ओरडली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. अकोलाच ओरडली.

आज बुधवार. वहीतलं आजचं पान: हजेरी, पाच, झाली. पुढच्या अंकाचं मागचं पान, ठरलं. विंटर टायर, चढवले. साखळी, सहीची वाट. पुन्हा फोन, साडेनऊ.